सव्वादोन लाखात घरची गाडी : वॅगनआर, आल्टो की मेहुण्याची सेडान?

विटेकर_मास्तर
नमस्कार मंडळी. दोनेक वर्षं नुसताच वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

घरात पाच जण. मी, बायको, दोन पोरं (११ आणि ६) आणि आई. राहायला विट्याला. आजवर स्कूटरवर भागलं, पण गेल्या दिवाळीत आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता डाव्याचंही करायला सांगितलंय. दर महिन्याला मिरजेला न्यावं लागतं. एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत आणि भाड्याची गाडी केली की जाऊन-येऊन दोन-अडीच हजाराला फोडणी. शिवाय महिन्यातून एकदा गावी, शिराळ्याकडे. सगळं मिळून महिन्याला ४००-५०० किमी होईल, जास्त नाही.

बजेट सव्वादोन लाख आणि ते सगळं धरून, म्हणजे नावावर करणं, इन्शुरन्स, टायर, जे काय असेल ते. कर्ज काढायचं नाही असं ठरलंय, पतसंस्थेचं एक चालू आहे तेवढं पुरे.

आत्ता समोर तीन गाड्या आहेत. सांगलीत एका कन्सल्टंटकडे वॅगनआर आहे, २०१२ ची, पेट्रोल, एमएच १० पासिंग, सेकंड ओनर, ७८ हजार चाललीय, २.१० मागतोय. दुसरी एक आल्टो ८००, २०१४ ची, १.९० ला. आणि तिसरी माझ्या मेहुण्याची डिझेल सेडान, २०१० ची. दीड लाखात देतो म्हणतोय, वर "दाजी पैसे सवडीनं द्या". मन तिकडेच ओढतंय खरं सांगायचं तर. गाडीतलं मला काडीचं कळत नाही, सायकलची चेन बसवता येते तेवढंच.

टोमणे_सम्राट
मेहुण्याची गाडी बंद पडली की गाडीला शिव्या घालता येत नाहीत आणि मेहुण्यालाही. तिसरा पर्याय बाद. पुढचा प्रश्न.

स्पॅनर_तेरा
मास्तर, कराडला गॅरेज आहे माझं, १९ वर्षं झाली. महिन्याला ४००-५०० किमीसाठी डिझेल घेऊ नका, मेहुण्याचं असो की सासऱ्याचं. जुन्या डिझेलला इंजेक्टर, टर्बो, क्लच यातलं एक काही निघालं की तुमच्या पगाराचा महिना गेला. डिझेल-पेट्रोलच्या भावात आता असा काय फरक राहिलाय की ते वसूल होईल? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आणि एक विचारतो, २०१० ची म्हणजे १५ वर्षं झाली की. आरसीवर मुदत कधीपर्यंत आहे ते बघितलं का?

विटेकर_मास्तर
नाही बघितलं. मुदत असते? मला वाटलं एकदा पासिंग झालं की झालं.

स्पॅनर_तेरा
खाजगी गाडीची आरसी १५ वर्षांची असते. पुढं चालवायची तर आरटीओत फिटनेस दाखवून ५ वर्षांसाठी नूतनीकरण करायचं. त्याची फी पूर्वी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ५००० झाली. वर ग्रीन टॅक्स, एजंटचे, आणि फिटनेसला जायच्या आधी गाडीला जे काय करावं लागेल ते वेगळंच. तुमच्या २०१२ च्या वॅगनआरलाही २०२७ ला हेच आहे, ते भाव करताना डोक्यात ठेवा. सरकारी परिवहन ॲपवर नंबर टाकला की मुदत, इन्शुरन्सची तारीख, बँकेचा बोजा आहे का, सगळं दिसतं. दोन मिनिटांचं काम.

विटेकर_मास्तर
बघितलं. मेहुण्याच्या आरसीची मुदत दोन महिन्यांनी संपतीय 🙁
बायको शेजारी बसून वाचतीय, ती म्हणते दादाला माहीत नसणार.

टोमणे_सम्राट
दादाला सगळं माहीत असतं वहिनी.

निवांत_पाटील
+१

कोथरूडची_काकू
मास्तर, कुणी बोललं नाही म्हणून मी बोलते. तुम्ही गाडी आईंसाठी घेताय ना, मग आईंना बसवून बघितलं का? माझ्या सासूबाईंचं गुडघ्याचं झालं तेव्हा आमच्याकडे बुटकी हॅचबॅक होती. आत बसणं म्हणजे खड्ड्यात उतरणं आणि बाहेर येणं म्हणजे विहिरीतून वर. एका हातानं दार धरायच्या, दुसऱ्यानं माझा खांदा, आणि रोज एकच वाक्य, "पुढच्या वेळी मी येत नाही." शेवटी दिरांची उंच सीटची गाडी आणली तर त्यात कमरेवर टेकून नुसत्या वळून बसायच्या, वाकणं नाहीच. एवढ्याशा फरकानं बाई पुन्हा देवळात जायला लागली. आल्टो चांगली असेल, मी नाही म्हणत नाही, पण सीट खाली आहे. आईंना घेऊन जा, तीनदा बसवा, तीनदा उठवा, मग ठरवा.

विटेकर_मास्तर
काकू, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. शेजाऱ्यांच्या आल्टोत आत्ताच बसवून बघितलं. बसली, पण उतरताना मला आणि बायकोला दोघांना ओढावं लागलं. वर म्हणाली, "गाडी छान आहे रे, कुणाची?" म्हणजे विषय संपला.

ईएमआय_योद्धा
सगळे जुन्याच्या मागे का लागलाय? सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, एंट्रीची नवीन गाडी साडेतीन-पावणेचारच्या आसपास एक्स-शोरूम मिळते. सव्वादोन डाऊन पेमेंट करा, बाकीचं पाच वर्षांत फिटेल. नव्या गाडीच्या कर्जाला व्याजही जुन्या गाडीपेक्षा कमी. वॉरंटी, एअरबॅग, एबीएस सगळं येतं. २०१२ च्या बेस मॉडेलला यातलं काही नाही. दोन पोरं मागे बसवणार आहात, मास्तर, पैसे वाचवायची जागा ही नव्हे.

निवांत_पाटील
योद्धा, त्यांनी वर स्पष्ट लिहिलंय कर्ज नको. एक्स-शोरूम पावणेचार म्हणजे रस्त्यावर यायला सव्वाचारच्या पुढं. पतसंस्थेचा हप्ता, ह्याचा हप्ता, आणि आईचं दुसरं ऑपरेशन. माणूस गाडी धुवायला पाणी आणणार की हप्ते मोजणार?

ईएमआय_योद्धा
ऑपरेशनचा मुद्दा मान्य. एअरबॅगचा मुद्दा मी सोडणार नाही.

स्पॅनर_तेरा
योद्धा एअरबॅगचं बरोबरच बोलतोय. २०१९ च्या मध्यापासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, त्याआधीच्या स्वस्त मॉडेलला बहुतेक नाहीच. वरच्या व्हेरियंटला मिळते कधीकधी, मिळाली तर पाच-दहा हजार जास्त द्या. आणि मागचे बेल्ट चालू आहेत का बघा, जुन्या गाडीत सीटखाली कोंबून ठेवलेले असतात, त्या गाडीच्या जन्मात कुणी लावलेले नसतात.

डेट्रॉईटकर_जोशी
आमच्याकडे व्हीआयएन नंबर टाकला की गाडीची सगळी कुंडली निघते, कुठं ठोकली, कुठं बुडाली, किती मालक. भारतात असं काही नाही का अजून?

टोमणे_सम्राट
आहे ना. मालकाच्या घरासमोरची पानटपरी. एक चहा सांगायचा आणि गप्प बसायचं.

कृष्णाकाठ
हसू नका, टपरीवालाच खरं सांगतो. बुडालेल्या गाडीचा विषय निघाला म्हणून लिहितो. मास्तर, सांगलीतली गाडी बघताय, २०१२ ची. पहिला प्रश्न हा विचारा की २०१९ च्या ऑगस्टात ही गाडी कुठं उभी होती? आणि २०२१ च्या जुलैत? आमच्या गल्लीत २०१९ ला पाणी पहिल्या मजल्याला टेकलेलं. त्यानंतरच्या दोन महिन्यांत किती गाड्या धुऊन-पुसून बाहेरच्या जिल्ह्यांत गेल्या ते डोळ्यांनी बघितलंय. एमएच ०९, एमएच १० म्हणून सगळ्या वाईट असं नाही, माझीच एमएच १० आहे, पण ती त्या वेळी पुण्यात होती.

माझ्या चुलतभावानं अशीच एक घेतली. चकाचक, आतून फिनेलचा वास. चार महिने बरी चालली. मग एक दिवस इंडिकेटर दिला की वायपर सुरू. मग पॉवर विंडो आपोआप खाली, ती पण पावसात. वायरमनकडं नेली, त्यानं डॅशबोर्ड खोलला तर आत वाळलेला गाळ, भेगा पडलेला, अगदी नदीकाठच्या शेतासारखा. ३५ हजार घातले आणि शेवटी विकून टाकली. कुणाला विकली ते विचारू नका.

बघायचं कसं तर सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटपर्यंत, अगदी अडेपर्यंत. सीट धुतात, मॅट बदलतात, पण गुंडाळून आत गेलेला पट्टा कुणी धूत नाही.

अ‍ॅड_खडूस
कागदांचं थोडं लिहितो, कारण लोक गाडी तासभर बघतात आणि कागद दोन मिनिटं.

बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० वर सही होते, ज्याला सगळे टीटी फॉर्म म्हणतात. कन्सल्टंट कोऱ्या फॉर्मवर जुन्या मालकाच्या सह्या घेऊन ठेवतात आणि गाडी तीन हात फिरली तरी आरसीवर पहिलाच मालक. असल्या गाडीपासून लांब राहा. मूळ मालक समोर आला पाहिजे, निदान फोनवर तरी.

विकणाऱ्यांनीही वाचा. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की अपघात झाला तर आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाई त्याच्या गळ्यात. "मी तर कधीच विकली" हे चालत नाही.

इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची हप्त्यातली सूट, विकणाऱ्याचा असतो, गाडीबरोबर येत नाही. कन्सल्टंट म्हणेल "५० टक्के बोनस आहे गाडीवर", तर हसून सोडून द्या. आणि ई-चलनं बघा, थकलेली असली की ट्रान्सफर अडकतं.

रत्नांग्री_हापूस
सीएनजी का नाही बघत? पेट्रोल परवडतंय का आता, त्यात ते २० टक्के इथेनॉल. माझी २०१३ ची १८ द्यायची, आता १६ वर आली.

निवांत_पाटील
झालं, आला इथेनॉल.

टोमणे_सम्राट
ऊस पण आमचाच, इथेनॉल पण आमचंच, आणि ॲव्हरेज गेलं म्हणून रडतोय पण आम्हीच. सांगलीकरांनी यावर बोलू नये.

कृष्णाकाठ
माझा दोन एकर आहे. मी गप्प.

स्पॅनर_तेरा
इथेनॉलवर वेगळा धागा काढा, इथं मास्तरांची गाडी राहील बाजूला. थोडक्यात, एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्या ई-२० साठी बनवलेल्या नाहीत. ॲव्हरेज थोडं पडतं. जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप बघून घ्या, चिरा असल्या तर बदला, मोठा खर्च नाही. टाकी भरून महिनोन् महिने उभी ठेवू नका.

सीएनजीचं म्हणाल तर टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची तपासणी, लागते, ती प्लेट बघायची. आणि डिकी जाते. आजींचा वॉकर कुठं ठेवणार?

आता मास्तरांसाठी. शक्यतो २०१० नंतरची वॅगनआर घ्या, तिला के-सिरीजचं ९९८ सीसीचं इंजिन आहे, टायमिंग चेन असते. आल्टो ८०० ला इंजिनात चेनच्या जागी बेल्ट आहे, तो वेळेत बदलला नाही आणि तुटला की वाट.

बघायला सकाळी जा, गाडी थंड असताना. जाऊन आधी बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर समजा तुमच्या आधी कुणीतरी स्टार्टिंगचा प्रॉब्लेम लपवून ठेवलाय. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, दुधावरच्या सायीसारखा पांढरट थर जाड असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय. सुरू केल्यावर मागं उभे राहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येते ती चालते, पण गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि गोडूस वास आला तर निघून या. क्लच बघायला मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरला हळूच क्लच सोडा, इंजिन बंद पडलं पाहिजे. नाही पडलं, नुसतं घुरघुरत राहिलं तर क्लचप्लेटचे पैसे कमी करून मागा.

दाराचं रबर ओढून आतल्या कडेवर कंपनीचे गोल गोल वेल्डिंगचे ठिपके बघा, ते एकसारखे पाहिजेत. बॉनेटच्या नटांचा रंग उडालाय का बघा, उडाला असेल तर पान्यानं खोललंय. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. किलोमीटरवर विश्वास ठेवू नका, ब्रेकच्या पॅडलचं रबर बघा. ४० हजार चाललेल्या गाडीचं पॅडल गुळगुळीत नसतं.

हे सगळं तुम्हाला जमणार नाही, म्हणून ओळखीचा फिटर न्या. त्याला पाचशे द्या आणि कन्सल्टंटच्या ओळखीचा नको.

विटेकर_मास्तर
काल रविवारी गेलो होतो. फिटर, मी आणि आई. आई वॅगनआरमध्ये एकटी बसली, एकटी उतरली. परत बसली. म्हणाली "हीच घे." कन्सल्टंट खूश, पाणी काय, चहा काय.

इंजिन फिटरला बरं वाटलं. पॅडल पण ठीक. मग मला कृष्णाकाठ यांचं आठवलं आणि मी मागचा बेल्ट ओढायला घेतला. ओढतोय, ओढतोय, स्वच्छ काळा पट्टा, आणि शेवटच्या वीतभरात एकदम मातकट. अगदी पट्टी ठेवून रेघ मारल्यासारखी, अलीकडं काळा, पलीकडं तांबूस. बोटानं घासलं तर बोटाला माती. फिटरनं काही न बोलता सीटखाली मोबाइलचा टॉर्च मारला, रुळांना गंज. कन्सल्टंटला दाखवलं तर म्हणतो, "साहेब, लहान पोरांचा चहा-बिहा सांडला असेल."

आईला कसं सांगायचं तेच कळेना. येताना एसटीत पूर्ण वेळ गप्प होती.

टोमणे_सम्राट
खांद्याइतक्या उंचीवर चहा सांडणारी पोरं सांगलीतच मिळतात.

कृष्णाकाठ
वाचलात मास्तर. माझी फी एक प्लेट भडंग.

कोथरूडची_काकू
आईंना सांगा मॉडेल तेच राहील, फक्त दुसरी गाडी. आणि कन्सल्टंट सोडा आता. शाळेत, देवळात, पेन्शनरांच्या कट्ट्यावर सांगून ठेवा. चांगल्या गाड्या जाहिरातीपर्यंत पोचतच नाहीत.

विटेकर_मास्तर
तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला, परीक्षा चालू होत्या.

काकूंचं ऐकलं आणि स्टाफरूममध्ये सांगून ठेवलं. आमच्या शिपाईमामांनीच सांगितलं की त्यांच्या गल्लीत पोस्टातून रिटायर झालेले एक काका आहेत, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी नुसती उभी आहे. वॅगनआर, २०१३ ची, पहिले मालक, ४६ हजार. गेलो तर गाडीवर कव्हर, कव्हरवर जुनी चादर, चादरीवर विटा. काकांनी आतून एक वही आणली. पहिल्या दिवसापासून टाकलेलं प्रत्येक पेट्रोल, तारीख, किलोमीटर, लिटर, दर. सर्व्हिसिंगच्या पावत्या मागं टाचलेल्या. पंक्चरसुद्धा लिहिलंय, "खिळा, डावे मागील, रु. ८०."

तरी बेल्ट चारही ओढले. काका बघत होते, म्हणाले, "तुटला तर तुम्हीच भरायचा." स्वच्छ निघाले. बोजा नाही, चलन नाही. खोट एवढीच की टायर २०१६ चे, नक्षी भरपूर पण कडेला चिरा, आणि बॅटरी पूर्ण मेलेली. काका २.२० म्हणत होते. टायर-बॅटरी दाखवून १.९० ला जमलं. त्यातही शेवटचे पाच हजार आईनं कमी करवले, मी नाही. "तुमची पण आई असती तर" वगैरे बोलली, मला लाज वाटत होती.

हिशेब: गाडी १,९०,०००, चार टायर १३,५००, बॅटरी ३,९००, इन्शुरन्स ६,८००, ट्रान्सफर एजंटसकट ३,५००. एकूण २,१७,७००. शिल्लक ७,३००.

स्पॅनर_तेरा
एक नंबर. उभी असलेली गाडी आहे, सगळी ऑइलं, कूलंट बदलून घ्या आणि बॉनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडल्यात का बघा. त्यात ते सात हजार जातील.

ईएमआय_योद्धा
अभिनंदन मास्तर. एअरबॅग आहे का?

विटेकर_मास्तर
नाही. मागचे बेल्ट मात्र पोरांना लावायला लावतो, शपथ.

अ‍ॅड_खडूस
ट्रान्सफरची पावती आली? आणि २०१९ च्या आधीची गाडी, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावलीय का?

विटेकर_मास्तर
पावती आली. प्लेट काकांनी आधीच लावून घेतलेली, वहीत नोंद आहे.

टोमणे_सम्राट
मेहुण्याचं काय झालं ते सांगा, आम्ही त्यासाठी थांबलोय.

विटेकर_मास्तर
मेहुणा आठ दिवस बोलला नाही. मग काल फोन आला, "दाजी, तुमचा तो फिटर माझ्या गाडीचं फिटनेसचं काम करेल का?"

आणि पोस्टवाले काका दर रविवारी फोन करतात. आईची चौकशी करतात, मग विचारतात या आठवड्यात किती टाकलं. वही त्यांनी गाडीसोबतच दिलीय. काल मिरजेहून येताना पंपावर थांबलो तर आई मागून म्हणाली, "लिहिलंस का?"

कोथरूडची_काकू
❤️

कृष्णाकाठ
भडंग राहिलं.